युरोपखंडीय तत्त्वज्ञानाचे पदव्युत्तर अध्ययन आणि मराठी विद्यार्थ्याचा भाषाप्रश्न

परतवाड्यासारख्या गावात वाढलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने कांट, हेगेल, हुसेर्ल, हायडेगर किंवा सार्त्र यांच्या तत्त्वज्ञानात एम. ए. करावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतील, असा प्रश्न विचारला असता बहुधा तीन उत्तरे मिळतात : जवळपास तशी सोय नाही, ग्रंथ मिळत नाहीत, आणि पुढे नोकरी नाही. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु ही तिन्ही अध्ययनाच्या बाहेरची कारणे आहेत. सोय झाली, ग्रंथ मिळाले आणि चरितार्थाची चिंता क्षणभर बाजूस ठेवली, तरीही एक अडचण शिल्लक राहतेच, आणि ती अध्ययनाच्या गाभ्यातील आहे. जर्मन अथवा फ्रेंच भाषेत घडलेला विचार इंग्रजीतून वाचून मराठीत समजून घ्यावयाचा, ही ती अडचण होय. ती अध्ययनाला केवळ बाधकच असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत खरे आहे, आणि योग्य रीतीने हाताळल्यास हीच अडचण अध्ययनाचे साधन कशी होऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. स्थळाची पूर्वपीठिका

परतवाडा हे अचलपूरला लागून, मेळघाटच्या पायथ्याशी वसलेले गाव. इंग्रजी अमदानीत येथे लष्कराची छावणी होती. मेळघाटातील सागाच्या लाकडाची बाजारपेठ म्हणून पुढे त्याची ख्याती झाली. अशा गावाचा आणि तत्त्वचर्चेचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु शेजारच्या अचलपूरचा इतिहास पाहिला, तर एका भाषेतील विचार दुसऱ्या भाषेत आणण्याचा उद्योग या परिसराला नवा नाही, असे आढळून येते.

अचलपूरच्या नावाचीच भाषाशास्त्रात नोंद आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या आपल्या प्राकृत व्याकरणात या एका ग्रामनामासाठी स्वतंत्र सूत्र योजून, त्यातील ‘च’ आणि ‘ल’ या वर्णांची प्राकृतात अदलाबदल होते, असे सांगितले आहे. ‘अचलपुर’चे ‘अलचपुर’ झाले ते असे. इंग्रजी कागदपत्रांतील ‘एलिचपूर’ हे रूपही याच वर्णविपर्ययाची आठवण देते. याच अचलपुरात, चितोडहून आलेल्या हरिषेण नावाच्या जैन कवीने विक्रम संवत १०४४ मध्ये, म्हणजे इ. स. ९८८ च्या सुमारास, ‘धम्मपरिक्खा’ हा ग्रंथ अपभ्रंश भाषेत रचला. जयराम नावाच्या पूर्वसूरीने प्राकृत गाथांत मांडलेला विषय हरिषेणाने अपभ्रंशात आणला. ग्रंथाचा विषय नावाप्रमाणेच परीक्षेचा, म्हणजे प्रचलित धर्ममतांच्या तपासणीचा आहे. तात्पर्य, सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अचलपुरात बसून एक अभ्यासक वादविषयक ग्रंथ एका भाषेतून लोकांच्या अधिक जवळच्या भाषेत नेत होता.

अमरावती जिल्ह्यातीलच रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभावांनी हाच प्रश्न अधिक जाणीवपूर्वक सोडविला. म्हाइंभटाने सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाते. केशोबासांसारखे पंडित शिष्य संस्कृतात लिहू पाहत असता, तसे केल्याने पंथातील साध्या स्त्रिया ज्ञानाला पारख्या होतील, या कारणास्तव नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीकडे वळविले, हे प्रसिद्ध आहे. २०२४ साली याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले, हा योगायोग नव्हे; मागील परंपरेचे ते स्मरण आहे. मात्र त्या परंपरेचा आजच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला काही उपयोग आहे की ती केवळ अभिमानाची बाब आहे, हे पुढील विवेचनावरून ठरावे.

२. ‘युरोपखंडीय’ या नावाविषयी

प्रथम नावाचा उलगडा केला पाहिजे. ज्याला आज ‘काँटिनेंटल फिलॉसॉफी’ म्हटले जाते ते नाव युरोपच्या मुख्य भूमीवरील विचारवंतांनी स्वतःस दिलेले नाही. ते इंग्रजी भाषिकांनी दिले. बेटावर राहणाऱ्याला खाडीपलीकडील भूमी ‘खंड’ वाटते. त्या अर्थाने हे नाव पडले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांत, तेथील विश्लेषणवादी पद्धतीहून भिन्न असलेल्या परंपरांचे एकत्रित नाव म्हणून ते रूढ झाले. कांट आणि हेगेल यांचा जर्मन चिद्वाद, हुसेर्लची फेनॉमेनॉलॉजी, हायडेगर व सार्त्र यांचा अस्तित्वविचार, गाडामरची अर्थबोधमीमांसा, फ्रांकफुर्ट येथील विचारवंतांची समाजचिकित्सा, फूको आणि देरिदा यांचे लेखन, या परस्परांशी वाद घालणाऱ्या अनेक विचारधारा त्या एका नावाखाली येतात. कांट तर दोन्ही पक्षांचा समाईक पूर्वज आहे.

परतवाड्याहून पाहणाऱ्याला लंडन काय आणि फ्रायबुर्ग काय, दोन्ही समुद्रापलीकडेच. जुन्या मराठीत ‘विलायत’ या एका शब्दात दोन्हींचा समावेश सहज होत असे. मग ‘युरोपखंडीय’ हा भेद मराठी विद्यार्थ्याने जसाच्या तसा का स्वीकारावा? त्याचे कारण भौगोलिक नाही, ऐतिहासिक आहे. हिंदुस्थानात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आले ते इंग्रजी राज्याबरोबर आणि इंग्रजी ग्रंथांतून. वऱ्हाडचेच उदाहरण घ्यावयाचे, तर चांदूरबाजार भागातील माधान येथील प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा मराठीत परामर्श घेतला. बालपणीच दृष्टी गेलेल्या आणि खेड्यात वाढलेल्या पुरुषाने हे करावे, ही बौद्धिक धैर्याची असामान्य घटना आहे. परंतु ज्यांच्याशी त्यांनी वाद मांडला ते दोघेही इंग्रज होते, हे लक्षणीय आहे. युरोपचा जो भाग इंग्रजीने आपल्यापुढे आणला, त्याच्याशीच आपला वाद झाला. जर्मनी आणि फ्रान्स येथील विचार आपल्याकडे आला तोही प्रायः इंग्रजीच्या मध्यस्थीने. या मध्यस्थीची जाणीव ठेवणे हा युरोपखंडीय तत्त्वज्ञानाच्या अध्ययनाचा पहिला धडा मानला पाहिजे.

३. पदवीचे स्वरूप आणि स्थाने

परतवाड्याचा विद्यार्थी पदवीनंतर सामान्यतः ५० किलोमीटरांवरील अमरावतीकडे किंवा नागपूरकडे पाहतो. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. अमरावती विद्यापीठ १९८३ साली वेगळे झाले. महाराष्ट्रातील विद्यापीठांत सामान्यतः तत्त्वज्ञानाची एम. ए. ही पदवी मिळते. केवळ युरोपखंडीय तत्त्वज्ञानाची अशी स्वतंत्र पदवी नसते. कांट व त्याच्या पूर्वीचे बुद्धिवादी, अस्तित्ववाद, फेनॉमेनॉलॉजी इत्यादी विषय काही अनिवार्य आणि काही वैकल्पिक प्रश्नपत्रिकांतून येतात, आणि उर्वरित अभ्यास भारतीय दर्शने, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र यांचा असतो. या व्यवस्थेला अपुरी म्हणण्याची प्रथा आहे. परंतु न्याय-वैशेषिक आणि हुसेर्ल एकाच वर्षी वाचण्याची जी संधी या विद्यार्थ्याला मिळते ती युरोपातील विद्यार्थ्याला क्वचितच मिळते, हेही विसरता कामा नये.

विशेष अध्ययनासाठी पुण्याकडे जाणाऱ्यांना तेथे जर्मन व फ्रेंच शिकण्याची सोय आहे. शिवाय पुणे विद्यापीठात रा. सुंदरराजन यांनी रिकर, हाबरमास आदींच्या विचारांवर दीर्घकाळ केलेल्या कामाची परंपरा आहे. युरोपात जाऊ इच्छिणाऱ्यांपुढे दोन प्रकारची विद्यापीठे असतात. पहिल्या प्रकारात तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर पदवी इंग्रजीतून देणारी विद्यापीठे येतात. बेल्जममधील लूव्हेन येथील तत्त्वज्ञान संस्था, जिची स्थापना मेर्सिये यांनी १८८९ साली केली, हे त्याचे ठळक उदाहरण. दुसऱ्या प्रकारात जर्मनीतील बहुसंख्य विद्यापीठे येतात. तेथे अध्यापन जर्मनमधून चालते व त्या भाषेची वरच्या पातळीची परीक्षा आधी उत्तीर्ण व्हावी लागते. १९९९ साली सुरू झालेल्या बोलोन्या प्रक्रियेनंतर युरोपात सामान्यतः तीन वर्षांची पदवी आणि तीवर ६० ते १२० श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी अशी रचना आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे अध्यापनशुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेंबेर्ग या राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो शुल्क लावले. फ्रायबुर्ग, ट्यूबिंगेन आणि हायडेलबेर्ग ही तत्त्वज्ञानाच्या इतिहासातील मोठी नावे याच राज्यात आहेत, हे इच्छुकांनी ध्यानात ठेवावे.

लूव्हेनचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. हुसेर्ल १९३८ साली फ्रायबुर्ग येथे निधन पावला. तो ज्यू कुळातील असल्यामुळे त्याच्या अप्रकाशित लेखनाचा नाझी राजवटीत नाश होण्याचे भय होते. व्हान ब्रेडा नावाच्या तरुण फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने ती हस्तलिखिते त्याच वर्षी लूव्हेनला सुरक्षित हलविली. सुमारे ४०,००० पृष्ठांचे हे लेखन गाबेल्सबेर्गर पद्धतीच्या लघुलिपीत आहे. म्हणजे ज्यांची मातृभाषा जर्मन आहे त्यांनाही हुसेर्ल वाचण्यासाठी आधी एक लिपी शिकावी लागली, मग लिप्यंतर करावे लागले आणि त्यानंतर अर्थनिर्णय. मूळ ग्रंथ हातात पडला की विचार आपोआप कळतो, ही समजूत भाबडी आहे. मध्यस्थी कोणालाच टळत नाही. प्रश्न एवढाच, की ती डोळसपणे होते की नकळत.

४. इंग्रजी हेही भाषांतरच

मराठी विद्यार्थ्याची मध्यस्थी बहुधा नकळत होते. तो हायडेगरचा १९२७ सालचा प्रमुख ग्रंथ मॅक्वारी व रॉबिन्सन यांनी १९६२ साली केलेल्या इंग्रजी भाषांतरातून वाचतो. सार्त्रचा १९४३ सालचा ग्रंथ हेझेल बार्न्स यांच्या १९५६ सालच्या भाषांतरातून वाचतो. इंग्रजी शब्द त्याला मूळ वाटतात आणि मराठी शब्द नक्कल वाटतात. वस्तुतः दोन्ही भाषांतरेच. एक आधी झाले, दुसरे व्हावयाचे आहे, एवढाच फरक.

हेगेलचा ‘आउफहेबेन’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. या साध्या जर्मन क्रियापदाचे रद्द करणे, जपून ठेवणे आणि वर उचलणे असे अर्थ होतात. एकाच शब्दात परस्परविरोधी अर्थ नांदतात, याविषयी स्वतः हेगेलने आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात समाधान व्यक्त केले आहे. इंग्रजीत असा शब्द नसल्याने भाषांतरकारांनी लॅटिनवरून ‘सब्लेट’ हा शब्द योजला. सामान्य इंग्रज मनुष्य तो कधीही बोलत नाही. मराठी विद्यार्थी हा शब्द पाठ करतो आणि त्याला संस्कृतातून तितकाच अपरिचित प्रतिशब्द शोधतो. परिणामी, जर्मन स्वयंपाकघरात वावरणारा शब्द दोन मजले चढून अशा ठिकाणी पोहोचतो की तेथून खाली पाहताच येत नाही.

आता मराठीतील ‘उचलून ठेवणे’ हा प्रयोग पाहावा. मूल मोठे झाले की आई त्याचे झबले उचलून ठेवते. या एका कृतीत तिने ते झबले वापरातून काढले, जपले आणि फडताळात वर ठेवले. हेगेलला अभिप्रेत असलेल्या तिन्ही छटा येथे एकत्र आहेत. बाल्य संपले, परंतु ते नष्ट झाले नाही, पुढच्या वयाच्या संसारात ते जपलेल्या रूपात राहिले. अर्थात ‘उचलून ठेवणे’ यावरून सुटसुटीत भाववाचक नाम होत नाही, आणि पारिभाषिक लेखनात संस्कृतोद्भव शब्दाचा आश्रय कदाचित घ्यावाच लागेल. परंतु संज्ञा कोणतीही योजली तरी तिच्या मागे हा अनुभव उभा असला पाहिजे. ज्याने हेगेलची कल्पना एकदा झबल्यावर पारखून घेतली त्याला ती परीक्षेपुरती पाठ करावी लागत नाही.

५. मराठी वाक्यातील कसोट्या

वरील उदाहरण शब्दापुरते झाले. परंतु भाषेचे खरे सामर्थ्य शब्दसंग्रहात नसून वाक्यरचनेत असते. मराठीच्या वाक्यरचनेतील काही भेद युरोपखंडीय तत्त्वज्ञानाच्या मध्यवर्ती प्रश्नांना थेट जाऊन भिडतात.

पहिला भेद ‘जाणीव’ आणि ‘चैतन्य’ यांतील. ब्रेंटानोने १८७४ साली पुनरुज्जीवित केलेला आणि हुसेर्लने पायाभूत मानलेला सिद्धांत असा की, मनाची प्रत्येक वृत्ती कशाची तरी असते, ती विषयोन्मुख असते. हे तत्त्व ‘चैतन्य नेहमी विषयोन्मुख असते’ अशा शब्दांत मांडले, तर अद्वैत वेदान्ताचा परिचय असलेल्या वाचकाला ते सरळ खोटे वाटेल. कारण त्या दर्शनात शुद्ध चैतन्य निर्विषय मानले आहे. शब्दाने आधीच पक्ष घेतलेला असतो. ‘जाणीव’ हा शब्द घेतला असता प्रश्न तात्काळ उठतो : कशाची जाणीव? मराठीचे व्याकरणच येथे षष्ठीची अपेक्षा उत्पन्न करते. हुसेर्लने प्रयत्नपूर्वक सिद्ध केलेली गोष्ट मराठी वाक्यात अपेक्षारूपाने आधीच असते. आणि मग खरा तात्त्विक प्रश्न स्पष्ट दिसू लागतो : षष्ठीवाचून जाणीव संभवते काय? याच ठिकाणी वेदान्ती आणि हुसेर्ल यांचा वाद समोरासमोर उभा राहतो.

दुसरा भेद ‘आहे’ आणि ‘असतो’ यांतील. ‘हे लिंबू आंबट आहे’ हे विधान समोरच्या एका फळाविषयी आहे. ‘लिंबू आंबट असते’ हे विधान लिंबाच्या जातीविषयी, त्याच्या स्वभावाविषयी आहे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच क्रियारूप येते. मराठीत हा भेद शाळेत न गेलेला मनुष्यही अचूक पाळतो. सार्त्रचे सुप्रसिद्ध मत असे की, मनुष्याच्या बाबतीत अस्तित्व हे सारतत्त्वाच्या आधी येते. मराठीत त्याची मांडणी अशी होऊ शकेल : माणूस आधी ‘आहे’, तो कसा ‘असतो’ हे मागाहून, त्याच्या करणीने ठरते. कागद कापण्याच्या सुरीविषयी असे म्हणता येत नाही. ती कशी असते हे कारागिराच्या मनात आधी ठरते आणि मग ती होते. ‘अस्तित्व’ व ‘सारतत्त्व’ हे दोन जड शब्द जे सांगण्यास कष्ट घेतात ते दोन क्रियारूपे सहज दाखवितात.

तिसरा भेद ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांतील, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘रामराव घरी नाहीत’ येथे एका स्थळी एका व्यक्तीचा अभाव सांगितला आहे. ‘हे रामराव नव्हेत’ येथे तादात्म्याचा निषेध आहे. नैयायिकांनी अभावाचे मुख्य दोन प्रकार केले : एका वस्तूचा दुसरीशी संसर्ग नसणे हा संसर्गाभाव, आणि एक वस्तू दुसरी नसणे हा अन्योन्याभाव. भूतलावर घट नाही, हा पहिला. घट हा पट नव्हे, हा दुसरा. मराठीने या दोन अभावांना दोन वेगळी निषेधरूपे दिली आहेत. आता सार्त्रने उपहारगृहातील अनुपस्थित मित्राचे जे उदाहरण दिले आहे ते घ्यावे. मित्र भेटेल या अपेक्षेने मनुष्य आत शिरतो, एकेक चेहरा पाहतो, आणि तो येथे नाही असे त्याला प्रत्यक्ष दिसते. परतवाड्याच्या बसस्थानकावर पाहुण्यास उतरवून घेण्यास गेलेल्या मनुष्याचा अनुभव नेमका हाच असतो. उतरणारा प्रत्येक प्रवासी ‘तो नव्हे’. आणि शेवटचा प्रवासी उतरल्यावर ‘तो नाही’. अन्योन्याभावांच्या मालिकेतून संसर्गाभावाची प्रतीती कशी उगवते, हे मराठी वाक्य पायरीपायरीने दाखविते. अभावाचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते, हा भाट्ट मीमांसक व नैयायिक यांच्यातील जुना वाद आणि सार्त्रचे विवेचन यांची भेट येथे होऊ शकते. आजच्या बोलण्यात ‘नव्हे’च्या जागीही ‘नाही’ येऊ लागले आहे, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने केवळ शैलीची मानू नये. एक तयार हत्यार गंजत आहे, असा तिचा अर्थ आहे.

हत्यारांवरून चौथे उदाहरण आठवते. हायडेगरच्या मते वस्तू आपल्याला प्रथम भेटते ती निरीक्षणाचा विषय म्हणून नव्हे, तर वापराची वस्तू म्हणून. हातोडा चालत असता हातोड्याकडे लक्ष नसते. तो मोडला अथवा सापडेनासा झाला की तो नुसती वस्तू म्हणून समोर येतो. या दोन अवस्थांसाठी त्याने योजलेल्या दोन्ही जर्मन शब्दांत ‘हात’ दडलेला आहे. परतवाड्याच्या लाकूडबाजारालगत काम करणाऱ्या सुताराला हे समजावून देण्यास परिभाषा लागणार नाही. रंधा मारताना त्याला रंधा दिसत नाही, फळी दिसते. पाते बोथट झाले की रंधा दिसतो. पहिल्या अवस्थेसाठी मराठीत ‘हाताशी असणे’ हा जिवंत प्रयोग आहे. दुसरीसाठी ‘नुसते समोर असणे’ म्हणावे लागते आणि त्यात मूळ शब्दातील हात नाहीसा होतो. ही हानी मान्य केली पाहिजे. आणि ती मान्य केल्यानेच विद्यार्थी मूळ शब्दाकडे जाण्यास प्रवृत्त होतो.

६. दोन इशारे

वरील विवेचनावरून दोन चुकीचे निष्कर्ष निघण्याचा संभव आहे. मराठीत अमुक भेद आहे, म्हणून सृष्टीतही तो आहे, असा पहिला निष्कर्ष. भाषाशास्त्र याला मुळीच अनुमती देत नाही. भाषेतील भेद हा प्रश्न विचारण्याची सोय करून देतो. उत्तराची हमी देत नाही. कांटने १७८१ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ‘असणे’ हे वस्तूच्या कल्पनेत भर घालणारे विधेय नव्हे; प्रत्यक्ष शंभर थेलर आणि केवळ कल्पिलेले शंभर थेलर यांच्या कल्पनेत काडीचेही अंतर नाही, अंतर आहे ते खिशात. ‘आहे’चे व्याकरण कसेही असो, हा युक्तिवाद युक्तिवाद म्हणूनच तपासावा लागतो.

मराठीत सर्व काही आहे, तेव्हा जर्मन शिकण्याची आवश्यकता नाही, हा दुसरा निष्कर्ष. वस्तुस्थिती उलट आहे. ‘उचलून ठेवणे’ आणि ‘आउफहेबेन’ यांतील साम्य ज्याला पडताळून पाहावयाचे आहे त्याला दोन्ही भाषा अवगत असल्या पाहिजेत. फक्त इंग्रजी जाणणाऱ्याला हे साम्य कधीच दिसणार नाही. म्हणून मूळच्या एका युरोपीय भाषेचे वाचनापुरते तरी ज्ञान आणि स्वभाषेतील विचाराची सवय या दोन्हींची जोड हवी.

७. अंमळनेरचा दाखला

ही अपेक्षा अवास्तव आहे, असे म्हणणाऱ्यांनी अंमळनेरचे उदाहरण पाहावे. परतवाड्याप्रमाणेच राजधानीपासून दूर असलेल्या, खानदेशातील या गावात श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. तेथून १९२५ पासून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले, आणि कांटच्या विचाराशी गांभीर्याने झुंजणारा कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा विषयी व स्वातंत्र्य यांवरील ग्रंथ १९३० साली तेथूनच प्रसिद्ध झाला. पुढे काही काळ ते या संस्थेचे संचालकही होते. याच भट्टाचार्यांनी विचारांतील स्वराज्याविषयी केलेले व्याख्यान १९५४ साली प्रकाशित झाले. परक्या कल्पना स्वतःच्या भाषेच्या व परंपरेच्या अंगाने पुन्हा घडविल्यावाचून त्या आपल्या होत नाहीत, असा त्यातील आशय आहे. ते व्याख्यान इंग्रजीत आहे, यातील विसंगती ध्यानात घेऊनही त्याचे महत्त्व कमी होत नाही.

मराठीत हे कार्य कोणी केलेच नाही, असेही नाही. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणारे दि. य. देशपांडे यांनी तर्कशास्त्र व पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांवर स्वच्छ मराठीत लेखन केले आणि १९९० साली नागपूरहून ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केले. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आलेल्या रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त कांटच्या सौंदर्यविचाराचे जे विस्तृत परीक्षण आहे ते इंग्रजीच्या प्राध्यापकाने मराठीत केले. सुरेंद्र बारलिंगे यांनी युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथे अध्यापन करून परतल्यावर पुण्याहून ‘परामर्श’ या तत्त्वज्ञानविषयक मराठी नियतकालिकाचा पाया घातला. साधने अल्प असतील, परंतु ती नाहीत असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

८. अध्ययनाची दिशा

यावरून परतवाड्याच्या विद्यार्थ्याने काय करावे, याचे काही निश्चित दिग्दर्शन करता येते. एम. ए. च्या दोन वर्षांत दहा तत्त्ववेत्त्यांची मते गोळा करण्यापेक्षा एका ग्रंथातील एक प्रकरण निवडून ते सावकाश वाचावे. पहिल्या वर्षीच जर्मन अथवा फ्रेंच भाषेचा प्रारंभ करावा. दुसऱ्या वर्षी निवडलेल्या प्रकरणातील मोजके परिच्छेद मूळ भाषेत, इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून, अक्षरशः वाचून काढावेत. प्रत्येक प्रमुख संज्ञेसाठी मराठीत एक नव्हे, दोन-तीन वाक्ये रचून पाहावीत आणि ती कोठे अडतात याची वहीत नोंद ठेवावी. जेथे वाक्य अडते तेथेच बहुधा तात्त्विक प्रश्न असतो. प्रबंधिका लिहावयाची झाल्यास तिचा विषय या वहीतूनच निघावा. युरोपात अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपल्या निवेदनात सांगण्यासारखे काही तरी स्वतःचे असेल ते हेच. ‘मला हायडेगरमध्ये रस आहे’ असे लिहिणारे अर्ज तेथे पुष्कळ येत असतील, नाही-नव्हे या भेदातून अभावाचा प्रश्न मांडणारा अर्ज विरळाच.

अध्यापकांकडेही यातील एक वाटा येतो. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत कला शाखेची पदव्युत्तर परीक्षा मराठीतून देण्याची मुभा आहे. परंतु या मुभेचा उपयोग बहुधा इंग्रजी न येणाऱ्याची सवलत म्हणून केला जातो, आणि मराठीतून उत्तर लिहिणाऱ्याच्या हाती बाजारातील मार्गदर्शिकांखेरीज काही पडत नाही. इंग्रजीतून लिहिणारा न समजलेले शब्द बिनचूक उतरवून सुटतो. मराठीतून लिहिणारा न समजलेले प्रतिशब्द उतरवितो आणि उघडा पडतो. त्यामुळे मराठी माध्यम हलके, असा समज दृढ होतो. वास्तविक उघडे पडणे हाच मराठीतून लिहिण्याचा लाभ आहे. स्वभाषेत न समजलेले वाक्य लिहिणाऱ्यालाच टोचते; परभाषेत ते सुखाने झोपू देते.

नोकरीचा प्रश्न यामुळे सुटत नाही. एम. ए. नंतर नेट अथवा सेट उत्तीर्ण होऊनही अध्यापकाच्या जागा दुर्मिळ आहेत, आणि विद्यार्थ्याच्या घरच्यांनी त्याविषयी चिंता व्यक्त केली तर तिला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. पदवीने चरितार्थाची हमी मिळत नसेल, तर तिने निदान जे देण्याचे वचन दिले आहे ते तरी पूर्ण द्यावे, एवढाच आग्रह धरता येतो. ते वचन विचार करण्याच्या सामर्थ्याचे आहे. दोन वर्षांनंतर विद्यार्थी काही जर्मन नावे व इंग्रजी संज्ञा घेऊन गावी परतला, तर घरच्यांची चिंता दुहेरी खरी ठरेल. परंतु बसस्थानकावर न आलेल्या पाहुण्याविषयी, अथवा सुताराच्या हातातील रंध्याविषयी, पूर्वी न सुचलेला एक प्रश्न त्याला मराठीत विचारता आला, आणि तो ऐकणाऱ्याला कळला, तर अध्ययन सफल झाले असे म्हणावे लागेल. हरिषेणाने अचलपुरात आणि महानुभावांनी रिद्धपुरात ज्या कसोटीवर आपले ज्ञान घासून पाहिले ती कसोटी हीच होती.